झिरकोनियाचा क्राउन सुटतो आणि आतून कोरा असतो, तेव्हा नेमकं काय चुकतं?

तुमचा प्रश्न असा: पुण्यात क्लिनिक नवीन आहे, झिरकोनियाचे (कठीण पांढऱ्या सिरॅमिकचे) क्राउन, म्हणजे दातावरच्या टोप्या, काही महिन्यांतच सुटतायत, एचएफ (हायड्रोफ्लोरिक ॲसिड) आणि सिलेन (सिरॅमिक आणि सिमेंट जोडणारं रसायन) दोन्ही लावूनही. सिमेंट सगळं दातावर राहतं, क्राउन आतून कोरा. मग सिमेंट बदलावं का?

नको. सिमेंट दातावर राहिलं याचा अर्थ दाताकडचा बाँड टिकला, सिरॅमिककडचा सुटला. दोष प्रायमरच्या, म्हणजे सिमेंटआधी सिरॅमिकला लावायच्या रसायनाच्या, पायरीत आहे.

सिलेनला धरायला सिलिका (काचेचा मुख्य घटक) लागते. त्याचे मिथॉक्सी गट पाण्याने सुटून सिलॅनॉल तयार होतं, ते काचेवरच्या हायड्रॉक्सिलशी जुळून सिलोक्सेन बंध बनवतं आणि दुसरं मिथाक्रिलेट टोक रेझिन सिमेंटमध्ये मिसळून घट्ट होतं. ई-मॅक्स (लिथियम डायसिलिकेट) किंवा फेल्डस्पॅथिक या सिरॅमिकमध्ये काच असते, म्हणून तिथे हे उत्तम चालतं. झिरकोनियात काचच नाही. एचएफला कोरायला काही मिळत नाही, सिलेनला धरायला काही मिळत नाही. तिथे १०-एमडीपी असलेला प्रायमरच हवा, कारण त्याचं फॉस्फेट टोक झिरकोनियाच्या ऑक्साइडला रासायनिक रीतीने धरतं.

पण नुसता एमडीपी आणून भागणार नाही, कारण खरी गोची ट्राय-इनमध्ये, म्हणजे क्राउन तोंडात बसवून बघण्यात, आहे. लाळेतही फॉस्फेट असतं आणि ते नेमक्या त्याच जागा आधी अडवतं. पाण्याने धुऊन ते निघत नाही. अनेक जण अशा वेळी फॉस्फोरिक ॲसिडची जेल फिरवतात. ई-मॅक्सला चालेल, झिरकोनियाला अजिबात नाही, तुम्ही स्वतःच आणखी फॉस्फेट चिकटवता. म्हणून आधी ट्राय-इन, मगच सँडब्लास्टिंग (आतल्या बाजूवर बारीक कणांचा मारा): ५० मायक्रॉन ॲल्युमिना, १ ते २ बार दाब, साधारण १० मिमी अंतर, नोझल सतत हलतं ठेवून १० ते १५ सेकंद. आतून पेन्सिलने रेघा मारून घ्या, त्या सगळ्या गेल्या की काम झालं. दाब वाढवू नका, सूक्ष्म तडे जातात. सँडब्लास्टर नसेल तर आयव्होक्लीनसारखी पेस्ट २० सेकंद लावून भरपूर पाण्याने धुवा, कारण तिच्यातले झिरकोनियाचे कण फॉस्फेट ओढून घेतात. लॅबने ब्लास्ट करून पाठवलेल्या क्राउनचंही ट्राय-इननंतर हे करावंच लागतं. मग कोरडा करून प्रायमर, बाटलीवर लिहिलेला वेळ, हवेने सुकवणं, लगेच सिमेंट. मध्ये बोट लागू देऊ नका.

हवा मात्र तपासा. पुण्यात जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचतं आणि सिरिंजमधून तेच क्राउनवर उडतं. स्वच्छ आरशावर हवा मारून बघा. थेंब किंवा तेलकट डाग दिसला तर आधी टाकी रिकामी करा, फिल्टर बदला.

ई-मॅक्ससाठी तुमची पद्धत बरोबर आहे: ५% एचएफ २० सेकंद, फेल्डस्पॅथिकला साधारण ६०, मग सिलेन ६० सेकंद आणि कोमट हवा. एचएफ धुतल्यावर खडूसारखा पांढरा थर दिसला तर ते क्षार आहेत. अल्ट्रासॉनिकमध्ये डिस्टिल्ड वॉटर घालून काढा, नाहीतर सिलेन त्या थरावर बसेल. लॅबने एच करून (एचएफने कोरून) पाठवलंय का, हे फोन करून विचारा, दुप्पट एच झालं तर सिरॅमिक कमजोर होतं. एचएफ क्लिनिकमध्ये वापरत असाल तर कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी हवीच.

सिलेनची बाटली पाण्यासारखी स्वच्छ दिसली पाहिजे. गढूळ झाली असेल तर रेणू आपसातच जुळलेत, फेकून द्या. एप्रिलच्या उन्हाळ्यात झाकण सैल राहिलं तर अल्कोहोलही उडून जातं. एकाच बाटलीत सिलेन असलेल्या युनिव्हर्सल ॲडेसिव्हवर ई-मॅक्ससाठी मी विसंबणार नाही. आम्लात सिलेन फार काळ टिकत नाही.

सुटलेले क्राउन टाकू नका. खाली कीड नसेल, मार्जिन (क्राउनची कड) शाबूत असेल, तर दातावरचं सिमेंट काढून, क्राउन ब्लास्ट करून एमडीपीने पुन्हा बसवता येतो. मात्र मोलरच्या (दाढेच्या) प्रेपची, म्हणजे क्राउनसाठी कोरलेल्या दाताची, उंची ४ मिमीपेक्षा कमी असेल किंवा भिंती फार निमुळत्या असतील, तर प्रायमरवर भार न टाकता प्रेप सुधारून घ्या.