गणित घालणारा प्रोफेसर

प्रश्न : मामांनी १९७८ साली अमेरिकेहून आणलेले, चष्मा आणि मिशा असलेल्या प्राध्यापकाचे एक खेळणे माळ्यावर सापडले. आतल्या जुन्या सेलवर पांढरी भुकटी जमली होती. नवा सेल लावल्यावर लाल आकडे उमटले. परंतु आम्ही घातलेली बेरीज ते करत नाही, उलट इंग्रजी ‘ई’ हे अक्षर तीनदा दाखवते. ते बिघडले आहे का? सात वर्षांच्या नातीला द्यावे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ते मुळीच बिघडलेले नाही. हा टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीने १९७६ साली बाजारात आणलेला ‘लिटल प्रोफेसर’ आहे. कॅल्क्युलेटरला आपण गणित घालतो आणि तो उत्तर देतो. येथे मात्र गणित प्रोफेसर घालतो आणि उत्तर मुलाने द्यायचे असते. उत्तर चुकले की तीन ‘ई’ उमटतात, तेच गणित पुन्हा समोर येते आणि तिसऱ्यांदाही चुकले तर बरोबर उत्तर दाखवले जाते. दहा गणिते झाली की गुण दिसतात. बेरीज, वजाबाकी, गुणाकार व भागाकार या प्रत्येकाच्या सोप्यापासून अवघडापर्यंत चार पायऱ्या आहेत. नातीला पहिल्या पायरीवरच बसवावे.

त्याच सुमारास नॅशनल सेमीकंडक्टरचे घुबडाच्या रूपातले ‘क्विझ किड’ही मिळत असे. त्याला आकड्यांचा पडदाच नव्हता. गणित आणि उत्तर दोन्ही मुलानेच दाबायचे आणि हिरवा किंवा लाल दिवा पाहायचा. प्रोफेसर मला अधिक आवडतो, कारण तो स्वतः प्रश्न विचारतो आणि चुकलेल्या मुलावर न रागावता त्याला पुन्हा संधी देतो. मात्र त्याला केवळ उत्तर कळते. २७ आणि १५ यांची बेरीज नातीने ३२ केली, तर ती हातचा विसरली हे त्याला समजत नाही. ते शेजारी बसलेल्या आजोबांनी किंवा आजींनीच ओळखायला हवे. म्हणून खेळताना जवळ पाटी अवश्य ठेवावी.

खेळणे देण्यापूर्वी सेलच्या जोडणीकडे पाहावे. भुकटी अल्कलाइन सेलची असेल, तर हातमोजे घालून व्हिनेगरमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाने ती पुसावी आणि जोडणी पूर्ण कोरडी करूनच नऊ व्होल्टचा चौकोनी सेल पुन्हा लावावा. लाल आकड्यांना वीज बरीच लागते, त्यामुळे खेळून झाल्यावर बटण आठवणीने बंद करावे आणि खेळणे बरेच दिवस ठेवून द्यायचे असल्यास सेल काढून घ्यावा.