त्या फोटोनंतर गट बंद करू का?

प्रश्न: ताई, आमच्या लहानशा शहरात आम्ही सहा जण नोकऱ्या सांभाळून समलिंगी, ट्रान्स आणि इंटरसेक्स लोकांसाठी मदतगट चालवतो. गेल्या महिन्यात उत्साहाच्या भरात मी बैठकीचा फोटो सोशल मीडियावर टाकला. कडेला बसलेल्या एका मुलाला त्याच्या चुलतभावानं ओळखलं आणि घरी सगळं कळलं. तासाभरात मी फोटो काढून टाकला, पण आता तो मुलगा माझे फोन घेत नाही. त्यातच गटातल्या इंटरसेक्स मैत्रिणीनं सुनावलं, ‘गटाच्या नावात मी आहे, कामात नाही.’ बाकीचे म्हणतात, मोठा मोर्चा काढू, म्हणजे लोकांचा विश्वास परत येईल. मला वाटतं, गट बंदच करावा. रात्र रात्र झोप नाही. – अपराधी

उत्तर: गटाचं काय करायचं ते आज ठरवू नकोस. झोप उडालेल्या माणसाला राजीनाम्याशिवाय दुसरं काही सुचत नाही.

आधी तो मुलगा. त्याला फोन करणं ताबडतोब थांबव. घरात नुकतंच कळलंय, म्हणजे त्याचा फोन या घडीला कुणाच्या हातात आहे ते तुला माहीत नाही. स्क्रीनवर तुझ्या नावाचे चौदा मिस्ड कॉल दिसले, तर त्याचा जाब त्यालाच द्यावा लागेल. लांबलचक माफीनामाही पाठवू नकोस, तो भलत्याच कुणी वाचला तर? त्याचा एखादा मित्र असेल, ज्याच्याशी बोलताना घरच्यांच्या भुवया उंचावत नाहीत. तो सुरक्षित आहे का, चार दिवस राहायला जागा हवी आहे का, एवढंच त्याच्यामार्फत विचार. माफी प्रत्यक्ष भेटीत माग, तीही त्याला भेटायचं असेल तर. त्या वेळी ‘उत्साहाच्या भरात’ हे शब्द गाळ. ‘तुला न विचारता टाकला, चूक माझी’ एवढं पुरे. त्यानं माफ करावं ही अपेक्षा ठेवू नकोस.

महानगरात माणूस गर्दीत हरवू शकतो. तुमच्याकडे खुर्चीत बसलेल्याची नुसती पाठ पाहूनही कुणाचा मुलगा ते सांगतात. म्हणून बैठकीत फोटो नकोतच. अगदीच हवा असेल तर रिकाम्या खोलीचा काढा. आणि कुणी पूर्वी ‘हो’ म्हटलं होतं म्हणून आज ते गृहीत धरायचं नाही.

मोर्चाचं म्हणशील तर माझं मत स्पष्ट आहे: आत्ता नको. ज्यांचा विश्वास उडालाय ते चेहरा दिसेल म्हणून घाबरलेत, आणि तुम्ही त्यांना भर रस्त्यात बोलावताय! १९७२ साली न्यूयॉर्कच्या मोर्चात जीन मॅनफर्ड नावाची शिक्षिका आपल्या समलिंगी मुलाबरोबर फलक घेऊन चालली. लोकांना तो फलक आठवतो. मला त्यापुढचं जास्त मोलाचं वाटतं. ‘आमच्या आईवडिलांशी बोलाल का?’ असं तरुण पोरं तिला विचारू लागली. मार्च १९७३ मध्ये एका चर्चच्या खोलीत जेमतेम वीसएक माणसं जमली आणि त्यातून पीफ्लॅग ही पालकांची संघटना उभी राहिली. तुमच्या ओळखीत असा एक तरी पालक आहे का? असेल तर त्या मुलाच्या घरी उद्या त्याचाच उपयोग होईल, तुम्हा सहांचा नाही. अर्थात मुलानं हो म्हटलं तरच.

तुझी मैत्रीण बरोबर बोलली. इंटरसेक्स असणं म्हणजे कुणावर प्रेम जडतं याची गोष्ट नव्हे. गुणसूत्रं, संप्रेरकं किंवा लैंगिक अवयव स्त्री-पुरुषाच्या ठरलेल्या साच्यात न बसणारे असतात, आणि पुष्कळदा बाळाला बोलता येण्याआधीच, जिवाला धोका नसताना, शस्त्रक्रिया उरकली जाते. माल्टानं २०१५ मध्ये कायदा करून अशा, टाळता येण्याजोग्या शस्त्रक्रियांना बंदी घातली. २६ ऑक्टोबर १९९६ रोजी बॉस्टनमध्ये बालरोगतज्ज्ञांच्या परिषदेबाहेर मोजकीच माणसं अशाच शस्त्रक्रियांविरुद्ध निदर्शनं करत उभी होती. तो दिवस आज इंटरसेक्स जागृती दिन म्हणून पाळतात. म्हणजे तुझ्या मैत्रिणीच्या कामाचा पत्ता रस्ता नसून प्रसूतिगृह आहे. तुमच्या शहरात बालरोगतज्ज्ञ आणि परिचारिका बोटांवर मोजण्याइतक्या असतील. लहान शहराचा हा एक फायदाच. त्यांना जाऊन भेटा. काय बोलायचं ते तिला विचारून ठरवा, पण तिनं तक्रार केली म्हणून जबाबदारी तिच्याच गळ्यात मारू नका. आणि ‘म्हणजे तिला नक्की काय आहे?’ असं कुणी विचारलंच, तर तिच्याकडे न बघता तूच त्याला गप्प कर.

राहता राहिलीस तू. गटाचा फोन तुझ्याच उशाशी असतो ना? तू लिहिलं नाहीस, मी ओळखलं. पंधरा दिवस तो दुसऱ्या कुणाकडे दे, नंतरही पाळ्या लावा. त्या मुलाची खबर कळली की मला दोन ओळी टाक. त्याचं नाव मात्र मलाही सांगू नकोस.

– ताई