ऑलिम्पियाला जाशील तेव्हा

प्रिय,

ग्रीसच्या प्रवासात ऑलिम्पियाचं संग्रहालय धरलंस, फार बरं वाटलं. अथेन्सहून एका दिवसात जाऊन यायचा बेत मात्र सोड. जायलाच चारेक तास लागतात. रात्री तिथेच मुक्काम कर आणि सकाळी दार उघडताच आत शीर.

बहुतेकांना ओढ असते ती हर्मिस देवाच्या मूर्तीची. 1877 मध्ये हेराच्या मंदिरात सापडलेली ती मूर्ती देखणी आहेच, पण ती दुपारी बघ. आधी मधल्या मोठ्या दालनात थांब. तिथे झ्यूसच्या मंदिराच्या दोन्ही पेडिमेंटमधल्या, म्हणजे दर्शनी बाजूंना छपराखाली असणाऱ्या त्रिकोणी भागांतल्या, मूर्ती समोरासमोर मांडल्यात. इ.स.पू. 456च्या सुमाराला हे मंदिर पूर्ण झालं. पुढे भूकंपांत ते कोसळलं, नद्यांच्या गाळाखाली गेलं आणि 1875 पासूनच्या जर्मन उत्खननात या मूर्ती तुकड्यातुकड्यांनी वर आल्या.

पूर्वेकडच्या पेडिमेंटमध्ये रथांची शर्यत अजून सुरूही झालेली नाही. राजा ओइनोमाओस आणि त्याच्या मुलीला मागणी घालणारा पेलोप्स, दोघेही ताठ उभे. उजव्या बाजूला जमिनीवर एक म्हातारा भविष्यवेत्ता बसलाय. राजा मरणार, हे त्याला आधीच कळलंय. मूठ गालाशी गेलेली, कपाळावर आठ्या, डोक्यावरचे केस मागे हटलेले, छाती ओघळलेली, पोट सुटलेलं. कलाशाळेतल्या प्लास्टर कास्टवरून ग्रीक शिल्प म्हणजे पिळदार तरुण देह, असं आपल्या मनात पक्कं बसतं. इथे थकलेलं शरीरही तितक्याच मन लावून घडवलंय. मला तर साऱ्या संग्रहालयात हा म्हातारा सर्वांत मोठा वाटतो.

त्याचंच रेखाटन कर. सकाळभर एकच मूर्ती झाली तरी चालेल. या मूर्ती जमिनीपासून दहा मीटरहून उंच बसवलेल्या होत्या, म्हणून खाली बसून, मान वर करून बघ. मग कडेला जाऊन पाठी बघ. कुणाला दिसणार नव्हत्या, म्हणून त्या ओबडधोबडच सोडल्यात. काही मागून पोखरल्यात, वजन कमी व्हावं म्हणून. छिन्नी कुठे थांबली ते तुला तिथे नीट कळेल.

त्याच दालनात ग्रीक वीर हेराक्लिसच्या बारा पराक्रमांचे कोरीव दगडी पट्ट आहेत. त्यातल्या अ‍ॅटलसच्या, म्हणजे एरवी आभाळ पेलणाऱ्या महाकाय देवाच्या, पट्टात हेराक्लिस खांद्यावर उशी घेऊन आभाळ पेलतोय, मान वाकलेली. मागे देवी अथेना नुसता एक हात वर करून उभी आहे, चेहऱ्यावर ताण नाही. तिच्या वस्त्राच्या सरळ चुण्या आणि त्याचं उघडं अंग एकाच कागदावर काढून बघ.

या मालिकेतला क्रेटच्या बैलाचा पट्ट 1829च्या फ्रेंच मोहिमेने नेला, तो लूव्रमध्ये आहे. परतीचं विमान पॅरिसहून असेल तर अर्धा दिवस तिकडे काढ.