गुरूंचे नव्हे, गुरांचे

घोडबंदर रोडवरच्या एका वाचकाने विचारलंय: 'आमच्या सोसायटीमागच्या मोकळ्या जागेला सगळे "गुरुचरण जमीन" म्हणतात. तिथे पूर्वी मठ होता का? आणि गायरान म्हणजे हेच का?'

मठबिठ काही नाही. बातम्यांत, फलकांवर, अगदी नोटिशींतसुद्धा हा 'गुरुचरण' भेटतो आणि प्रत्येक वेळी डोकं फिरतं. शब्द 'गुरचरण' आहे, गुरांची चरायची जागा. गावच्या गुरांना फुकट चरता यावं म्हणून जमीन राखून ठेवायची तरतूद जमीन महसूल संहितेत (1966) कलम 22 मध्ये आहे. गुरूंचा संबंध येतो कुठे? हां, 'गुरे'चं जुनं एकवचन 'गुरूं', संस्कृत 'गोरूप'वरून आलेलं. पण समासात तो उकार गळतो, म्हणून कोणी त्या वाटेनेही पळायला बघू नये.

खरी मौज 'चरण'मध्ये आहे. चर् म्हणजे हिंडणे. गुरूंचे चरण आणि गुरांचं चरणं, दोन्ही ह्याच धातूचे. आधी चालणं, खाणं मागाहून. गाय चरताना नीट बघा: वरच्या जबड्यात पुढचे दातच नाहीत, म्हणून जिभेने गवताचा झुबका वेढायचा, हिसडा मारून तोडायचा, आणि पाऊल पुढे. असे दिवसाचे सात-आठ तास. शेळीला गवताहून पाला प्यारा. ती मागच्या पायांवर उभी राहून बोरीचे शेंडे खुडते आणि लगेच पुढच्या झुडपाकडे. म्हणून 'तबेल्यात म्हशी चरताना' असं फोटोखाली छापणाऱ्यांना माझा सक्त विरोध. दाव्याला बांधलेली म्हैस वैरण खाते. बसून रवंथ करते तेही चरणं नव्हे. लग्नाच्या बुफेत ताटली घेऊन ह्या टेबलावरून त्या टेबलावर जाणारी माणसं मात्र अस्सल चरतात.

ह्याच धातूचा 'गोचर'. गाई जिथवर हिंडतात तो टापू. मग इंद्रियं जिथवर पोचतात तो, म्हणून 'इंद्रियगोचर'. आणि शेवटी ग्रहांचं राशींतून फिरणं. पण टीव्हीवरचे ज्योतिषी ठासून सांगतात, 'गो म्हणजे तारा'. का हो, गाय म्हणायला लाज वाटते? पाणिनीने हा शब्द संचर, वह, व्रज ह्यांच्या रांगेत बसवलाय (अष्टाध्यायी 3.3.119), आणि व्रज म्हणजे गाईंचा वाडा. माझ्या मते शनीसुद्धा राशीत चरायलाच जातो. साडेसातीत अडकलेल्यांना विचारा, काय काय खाऊन जातो ते.

गायरानाचं राहिलंच. तेच ते. देशावर गायरान म्हणण्याची रीत जास्त, आमच्या ठाणे-रायगडकडे गुरचरण.