शेततळ्याच्या चिखलावर जांभळट थर येतो, ते जीवाणू प्रकाश पकडतात कसा?

जालना-बीडकडच्या शेततळ्यात पाणी आटलं, की कडेच्या काळ्या, सडक्या अंड्यासारखा वास मारणाऱ्या चिखलावर दिसणारा तो थर बहुधा जांभळ्या गंधक-जीवाणूंचा. वरचं शेवाळ लाल-निळा प्रकाश आधीच खाऊन टाकतं. खाली उरतो अवरक्त, म्हणजे लालच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश, आणि यांचं काम मुख्यतः त्यावर चालतं.

मुख्य रंगद्रव्य बॅक्टेरिओक्लोरोफिल-ए, झाडांच्या हरितद्रव्याचा जीवाणूंतला भाऊ. मिथेनॉल या द्रावकात काढलं तर साधारण 770 नॅनोमीटर तरंगलांबीला शोषण. पेशीत मात्र 800, 850 आणि 875 च्या आसपास. रेणू तोच! प्रथिनाच्या गोल, बांगडीसारख्या कड्यात तो शेजाऱ्याला खेटून बसतो म्हणून शोषण पुढे सरकतं. एका नीट अभ्यासलेल्या जातीत बाहेरच्या कड्यात 27 रेणू आहेत: 9 सुटे (800), 18 खेटलेले (850). सुट्यांकडून खेटलेल्यांकडे ऊर्जा सुमारे एका पिकोसेकंदात (सेकंदाचा एक लाख-कोटीवा भाग) जाते, तिथून आतल्या कड्यात (875) आणि मग अभिक्रिया केंद्रात, म्हणजे जिथे प्रकाशाची ऊर्जा रासायनिक कामाला लागते तिथे. पाटाच्या पाण्यासारखी, उताराकडे. जांभळा रंग दिसतो तो कॅरोटिनॉइडमुळे, म्हणजे गाजरात असतात त्या गटातल्या रंगद्रव्यांमुळे. ते हिरवट-निळा प्रकाशही पकडतात.

बाटलीत वाढवायचे तर चिखलात चिमूटभर जिप्सम, कागदाचे तुकडे, वर काठोकाठ पाणी. झाकण लावा, पण वायू सुटेल इतपत सैल. हवा खेळती राहिली तर बहुतेक जाती रंगद्रव्य बनवणंच थांबवतात. पांढऱ्या एलईडीत 750 च्या पुढचं जवळजवळ काही नसतं, त्यामुळे वाढ रेंगाळते. जुना 60 वॉटचा पिवळा बल्ब हातभर लांब ठेवा, नाहीतर उजेडाची खिडकी. एप्रिलच्या थेट उन्हात मात्र नको, जीवाणू शिजतील. रंग यायला काही आठवडे लागतात.