पेटीतलं बाळ: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न: सून आठव्या महिन्यात बाळंत झाली. नातू १६०० ग्रॅमचा, एसएनसीयूत (नवजात बाळांच्या विशेष उपचार कक्षात) पेटीत आहे. सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही, असं शेजारणी म्हणतात. शिवाय चार दिवसांत वजन १४९० वर आलं. वरचं दूध सुरू करावं का? (एक आजी, नांदेड)

उत्तर: आजी, शेजारणींचं गणित उलटं आहे. पोटात जास्त राहिलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या बाजूने असतो, कारण फुप्फुसं तेवढी तयार होतात. म्हणूनच आम्ही वजनाआधी आठवडे विचारतो. पहिल्या काही दिवसांत अंगातलं पाणी कमी होऊन वजन उतरतंच. लवकर जन्मलेल्यांचं दहा टक्के किंवा थोडं जास्तही उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येतं. तुमच्या नातवाचं सात टक्क्यांच्या आतच उतरलंय.

वरचं दूध आपल्या मनाने नको. अशा बाळाचं आतडं कोवळं असतं. आईच्या दुधावर त्याला सूज येण्याचा, जंतुसंसर्गाचा धोका कमी राहतो. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ गरोदरपणापासून मोजलेल्या ३४ आठवड्यांच्या आसपास बसतो, तोवर आईने काढलेलं दूध नळीने किंवा वाटी-चमच्याने देतात. चीक तर थेंबभर निघाला तरी टाकू नका. आईला कमी येत असेल तर दूधपेढीची (इतर आयांनी दिलेलं दूध साठवून गरजू बाळांना देणाऱ्या केंद्राची) चौकशी करा. मुंबईच्या सायन रुग्णालयात ती १९८९ पासून आहे. घुटी, मध, बोंडलं यांतलं काहीही नको.

प्रश्न: मुलगी १४०० ग्रॅमची. सिस्टर बायकोला बाळ छातीशी बांधून बसवतात. मशीन कमी पडतात म्हणून का? (एक वडील, सातारा)

उत्तर: सुरुवात तशीच झाली होती, १९७०च्या दशकाच्या अखेरीस, कोलंबियातल्या बोगोटात. पण २०२१ साली भारतासह पाच देशांतला अभ्यास प्रसिद्ध झाला. १ ते १.८ किलोच्या बाळांना, प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता, जन्मल्याबरोबर कांगारू पद्धतीने, म्हणजे असंच उघड्या छातीशी बांधून, ठेवलं, तर पहिल्या महिन्यातले मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने घटले. ऊब मिळते, दूध वाढतं, जंतुसंसर्ग कमी होतो. दिवसाला किमान आठ तास हवेत, जमेल तितके जास्त. बायको थकली की शर्ट काढून तुम्ही बसा. बाळाला फक्त टोपी आणि लंगोट, मान एका बाजूला वळलेली, नाक मोकळं. सासरे समोर आहेत म्हणून लाजू नका!

प्रश्न: ३० आठवड्यांत जन्मलेलं बाळ घरी आलं. छान दूध पितं. तरी डोळे तपासायला बोलावतात. गावाहून एवढा प्रवास कशाला?

उत्तर: जा, आणि तारीख चुकवू नका. कमी दिवसांच्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढू शकतात. बाहेरून डोळा अगदी चांगला दिसतो. ३४ आठवड्यांआधीच्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाची पहिली तपासणी महिन्याच्या आत व्हावी, फारच लहान असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. वेळेत सापडलं तर लेसरने बहुतेकदा नजर वाचते. उशीर झाला तर कायमचं अंधत्व येऊ शकतं. एकदा पाहून ठीक म्हणाले तरी पुढची तारीख विचारून घ्या. त्याच फेरीत कानांचीही तपासणी करून घ्या.