ट्रोजन कॉम्प्युटरमध्ये शिरतो कसा आणि आत आल्यावर अजून फाइल्स कशा डाउनलोड करतो? अँटिव्हायरस आहे म्हणजे भीती नाही ना?

वर एकाने लिहिलंय, "अडाण्यासारखं काहीही क्लिक करतात म्हणून येतो." ते वाचून डोकं सटकलं, म्हणून लिहितोय.

मी ऑफिसांच्या कॉम्प्युटरची एएमसी (वर्षभराच्या देखभालीचं काम) घेतो. २०२० मध्ये एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे एमोटेट नावाचा ट्रोजन, म्हणजे साध्या फाइलच्या वेशात येणारा व्हायरस, शिरला. अकाउंट्सच्या मॅडमना मेल आला तो त्यांच्याच जुन्या बिलाच्या मेलला रिप्लाय म्हणून, नाव त्याच पार्टीचं, खाली आधीचं सगळं बोलणं जसंच्या तसं, कारण त्या पार्टीचे मेल आधीच चोरीला गेलेले. सोबत झिप, पासवर्ड मेलमध्येच लिहिलेला. पासवर्ड लावला की मेल स्कॅन करणाऱ्याला आतलं दिसतच नाही, डोकं बघा! आत वर्डची फाइल, तिच्यात बिल नाहीच, नुसतं एक चित्र की फाइल बघायला 'एनेबल कंटेंट' दाबा. बाई बिल शोधतायत, त्या दाबणारच ना.

दाबलं की मॅक्रो (फाइलमध्ये लपवलेला छोटा प्रोग्राम) चालतो, तो गुपचूप पॉवरशेल (विंडोजला हुकूम द्यायचं टूल) उघडतो, त्यात पाच-सात वेबसाइटची यादी असते, त्याही कुणाच्या तरी हॅक केलेल्या वर्डप्रेस साइट, एक बंद असली की पुढची. खरा ट्रोजन तिथून उतरतो. मग तो पाठवणाऱ्या टोळीच्या सर्व्हरला विचारत राहतो की आता काय आणू, आणि ट्रिकबॉट, क्वाकबॉट असला दुसरा ट्रोजन येतो, पुढे कुठेकुठे र्‍यूक नावाचा खंडणी मागणारा व्हायरस येऊन सगळ्या फाइल्स लॉक. पहिला आलेला नुसता दार उघडून देणारा, दुसऱ्यांचा माल आत सोडायचे पैसे घेतो.

अँटिव्हायरस तिथेही होता. रोज नवीन फाइल बनवून पाठवतात, त्याला ती ओळखू येईपर्यंत काम झालेलं असतं. (म्हणून काढून टाकू नका लगेच.)

मालकांनी मॅडमचा पगार कापला. अहो, सगळ्या मशीनवर अ‍ॅडमिन लॉगिन, पासवर्ड सगळीकडे एकच, आणि हा ट्रोजन शेजारच्या मशीनवर पासवर्ड लावून बघतोच. हे बदलायचं कोटेशन मी आधीच दिलेलं, तर म्हणे "एवढे कशाला, अँटिव्हायरस आहे की." मग पगार कुणाचा कापायचा?

हां, २०२१ च्या जानेवारीत युरोपोल (युरोपातली पोलिस संस्था) वगैरेंनी एमोटेटचे सर्व्हर ताब्यात घेतले, नोव्हेंबरात तो परत आला. २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने नेटवरून आलेल्या फाइलचे मॅक्रो मुळातच बंद केलेत, तर पुढच्या वर्षी एमोटेटवाल्यांनी वननोटच्या (मायक्रोसॉफ्टचंच नोट्सचं अ‍ॅप) फाइल्स पाठवल्या. संशय आला तर आधी लॅनची वायर काढा, वायफाय बंद करा, स्कॅन नंतर.

मॅडमचे पैसे अजून मिळालेले नाहीत. शेठ इथे उत्तरं वाचतात, मला माहितीय.